नर्सबाईंचं माहेर

राधानगरीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीला पुन्हा नर्स मिळाली, तेव्हा लोकांनी आपणहून तिच्या खोलीला चुना काढला. आधीची नर्स दिवाळीला म्हणून गेली ती फिरकलीच नव्हती. मीनाक्षीबाई मात्र टिकल्या. त्यांचे यजमान अंबादास मास्तर वाडीच्याच शाळेवर होते. कुणी बाळंतीण अडली की बाई चिखल तुडवत यायच्या आणि उशिरा बोलावलं म्हणून घरच्यांची खरडपट्टी काढायच्या. वाडीला ते बोलणंही गोड लागायचं.

मग बाईंनाच दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी. बाईंचं माहेर कोल्हापुरात, राजारामपुरीत. दवाखाना घराजवळ. सातव्या महिन्यात जायचं त्यांनी ठरवलं आणि आपल्या जागी नर्स मागितली, तर माणूस नाही असं उत्तर आलं.  वाडीत चौघीजणी अवघडलेल्या होत्या, त्यांत शेजारच्या बयाबाईची सून पहिलटकरीण. गेलेली नर्स परत येत नाही, हे सगळ्यांनी एकदा पाहिलं होतं.

गावाला माया आली की तिच्यापुढं कुणाचं चालत नाही. या मायेत तर भीती मिसळलेली, म्हणजे ती सोडणार कशी? बयाबाईनं पुढाकार घेऊन हिरवं लुगडं आणलं, बाईंना पाटावर बसवलं, आणि घराघरांतून बायकांनी येऊन ओटी भरली.

"आजपासनं ही वाडीच तुमचं म्हायार," बयाबाई म्हणाली. "लेक म्हायार सोडून बाळंतपणाला कुठं जाती व्हय?"

बाई हसल्या, मग रडल्या, आणि राहिल्या. त्या चौघींना टाकून जाणं त्यांच्याही जिवावर आलंच होतं. शेवटी बाईंच्या आईनंच वाडीला यायचं ठरलं.

कळा त्याआधीच सुरू झाल्या. मास्तर सायकल दामटत डॉक्टरला आणायला गेले. भर दुपारी मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली, आणि बायकांचा जीव भांड्यात पडला. पण बाईंचं रक्त थांबेना. आपल्याला काय होतंय ते त्या खोलीत एकट्या त्यांनाच कळत होतं. पोट चोळा, जोरानं दाबून धरा, असं त्या पुन्हापुन्हा सांगत होत्या. बाळंतिणीचं कच्चं पोट दाबायला कुणाचा हात धजेना. बाईंनी बयाबाईचा हात ओढून पोटावर ठेवला. बयाबाईनं दाबलं, पण लेकीला दुखू नये इतकंच. डॉक्टर आले तेव्हा सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंची आई आली. बराच वेळ ती लेकीच्या खाटेपाशी बसून राहिली. मग लेक शेवटी काय म्हणाली, एवढंच तिनं विचारलं.

"काय करायचं त्ये सांगत हुत्या," बयाबाई म्हणाली. "आमास्नी करता आलं न्हाई."

 शिव्याशाप देण्याइतकंही त्राण आईत उरलं नव्हतं. नातीला छातीशी धरून ती उठली. दारात बयाबाईची सून उभी होती, दिवस भरत आलेली, भेदरून पांढरी पडलेली. आई तिच्यापाशी थांबली.

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "कोल्हापुरात तिच्यासाठी खोली आवरून बाज टाकून ठेवली होती मी, ती तशीच आहे."