मनगटाचा अंदाज

कुशाबा मेस्त्रीला टॉर्क रेंचचा भारी राग. नट किती आवळायचा हे काटा बघून ठरवणारा माणूस त्याच्या लेखी मेस्त्रीच नव्हे. परळच्या त्याच्या गाळ्यात चाळीस वर्षं इंजिनाचं हेड बसलं ते मनगटाच्या अंदाजाने, आणि तो अंदाज कधी चुकला नाही. म्हणून तर लालबागचा दत्ताराम आपली टॅक्सी डोळे झाकून त्याच्या हवाली करायचा.

तीच टॅक्सी आज टोचन लावून आली. हेडखालचं गॅस्केट, म्हणजे दाब नि पाणी अडवणारी पट्टी, कुशाबाने बदलून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

"सिग्नलला उभी राहिली की बंद पडते रे," दत्ताराम म्हणाला. "सकाळी कांताला डायलिसिसला नेत होतो. शीवच्या सिग्नलला तिसऱ्यांदा बंद पडली ती पडलीच. मागून सगळे हॉर्न मारतायत, आणि बायको बिचारी मलाच म्हणते, तुम्ही घाबरू नका. दुसरी टॅक्सी मिळेपर्यंत तास गेला."

कुशाबाने रेडिएटरचं झाकण काढलं, तर पाणी पार तळाला गेलेलं. प्लग काढला, तो ओला. मग हेडच्या बोल्टला पाना लावला. जोर केल्यावर कट्कन आवाज करून सुटायला हवे होते ते बोल्ट जोर न लावताच नुसते फिरत आले. हेड उचललं, तर खालचं गॅस्केट दुसऱ्या नि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये जळून गेलं होतं. दोन्हींचा दाब एकमेकांत निसटत होता, शिवाय आत पाणी झिरपत होतं. वेगात गाडी कशीबशी ओढायची आणि मंद झाली की मान टाकायची.

दत्ताराम वाकून बघत होता. "पीस डुप्लिकेट निघाला असणार. हल्ली कशाचा भरवसा नाय."

किती सोपं होतं! नुसतं 'हो ना' म्हणायचं आणि नवीन गॅस्केट टाकायचं. कुशाबाने तोंड उघडलंही. पण दिवाळीपासून आपल्या उजव्या हाताला मुंग्या येतात, शर्टाची बटणं सुनेकडून लावून घ्यावी लागतात, हे दत्तारामला ठाऊक नव्हतं. कुशाबाला स्वतःला होतं.

"पीस चांगला होता," तो म्हणाला. "मीच सैल आवळला. मला वाटलं, गच्च बसलाय. माझं मनगट गेलं रे, दत्ता."

दत्तारामने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. मग अगदी हळू, अपराध्यासारखं त्याने विचारलं, "परवा कांताला परत न्यायचंय. गाडी आता कुणाकडे देऊ?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. कुशाबाने माझगावच्या एका गॅरेजचा पत्ता सांगितला. सुटे बोल्ट पुसून, डब्यात भरून दत्तारामच्या हाती दिले. आणि मग कुशाबाला रडू आवरेना.