तलासरीच्या बाजारातली जागा

तलासरीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी भाविनी आणि लेवान मुद्दाम उशिरा कामाला जात. तिकडे नॉर्वेच्या उत्तर टोकाला, ट्रोम्सो गावात, न्याहारीची वेळ झालेली असे आणि इकडे तलासरीत दुपार कलायला लागलेली असे. भाविनीची आई पुतळी डहाणूहून सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन बाजारात बसायची. गिऱ्हाईक जरा विरळ झालं की फोन लावायची, दोन शब्द बोलायची आणि नवीन गिऱ्हाईक आलं की फोन तसाच बोंबलांवर आडवा ठेवून द्यायची. बंद मात्र करायची नाही.

"कापायचा कशाला? असू दे चालू. तुम्ही तुमचं खा-प्या, मी माझं विकते," असं तिचं म्हणणं.

मग त्या दोघांच्या स्वयंपाकघरात बाजार भरायचा. घासाघीस, शिव्या, हसणं, मागे हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न. लेवान जॉर्जियाचा, काळ्या समुद्राकाठचा. तो जहाजांची वायरिंग करायला आणि ही मासळीचं शास्त्र शिकायला, अशी दोघं त्या टोकाला जाऊन भेटली आणि लग्न करून राहिली. आपसात इंग्रजी, दुकानात नॉर्वेजियन आणि भांडण झालं की ज्याची त्याची भाषा. मराठी तो शिकला ते या टोपलीतून. टोपली चालू असेपर्यंत टेबलावर मराठीच बोलायचं, हा त्याचा नेम. त्यामुळे बायकोला दुसऱ्यांदा कॉफी विचारतानाही तो म्हणायचा, "घेतेस तर घे, नायतर पुढं हो."

त्या दिवशीही फोन आला.

"थंडी काय म्हणते गो?" आईने विचारलं.

"विचारू नको. नाक गळून पडेल असं वाटतं."

"आणि ते तुमचे लोक मासे टांगतात ते टांगले का?"

"टांगलेत. सगळा किनारा भरलाय."

"ऊन नाही तर वाळतात कशाने?"

"वाऱ्याने. थंडीने."

"माश्या नाही बसत?"

"एवढ्या थंडीत माश्या कुठून येणार, आई?"

"बघ. जिथे माशी राहत नाही तिथे माझी पोरगी राहते." आई स्वतःच हसली. मग नेहमीचा प्रश्न आला. "कधी येतेस?"

"बघते."

समोर बसलेल्या लेवानने भुवया उंचावल्या. महिनाभर त्याचा एकच धोशा चालू होता. आईला सांगून टाक, आपण कायमचे इथेच राहणार. घर घेऊन झालं होतं, कायम राहण्याची परवानगीही आली होती. आईच्या हिशेबी मात्र पोरगी शिकायला गेली होती, मग दोन वर्षं नोकरी करणार होती, मग आणखी दोन. भाविनीने तिला एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. उलट प्रत्येक फोनवर ती थंडीची तक्रार करायची, अंधाराची करायची, बेचव जेवणाची करायची. आई हळहळायची, आणि आईला हळहळायला मिळालं की भाविनीला बरं वाटायचं. जणू परगावाहून आईला काही खाऊ धाडला.

"आई, एक सांगायचं होतं," भाविनी म्हणाली.

"ए पुतळी!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "हा जवला हाय का वाळू? निम्मी वाळूच दिसते."

"वाळू तुझ्या डोळ्यात, जिवले! घ्यायचा नसेल तर चिवडू नको. थांब गो भाविनी." आणि फोन टोपलीत गेला.

भाविनीने सुटकेचा श्वास टाकला. लेवानने तो बरोबर ऐकला.

"आज पण नाय सांगितलं," तो म्हणाला.

"पुढच्या बाजाराला."

"मागच्या बाजाराला पण पुढचा बाजार होता. आपण परत नाय जाणार, एवढंच बोलायचं. आई काय खाणार तुला?"

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली आणि ताटल्या धुवायला उठली. पलीकडे आईने जिवलीला मूठभर जवला वर टाकला असावा, कारण दोघी हसत होत्या. मग आवाज आपोआप तुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई किनाऱ्यावर, बोंबील टांगायच्या बांबूंपाशी, हातात दोन बोंबलांची ओली जोडी घेऊन खाली बसली ती उठली नाही. धाकट्या भावाचा, जिग्नेशचा, फोन आला तेव्हा भाविनी बसथांब्यावर उभी होती. बस आली, दार उघडलं, बंद झालं, निघून गेली. ती तिथेच उभी होती.

तीन विमानं बदलून दोघं डहाणूला पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. घरात आईचा फोटो होता, दिवा होता आणि माणसं होती. भाविनीला एका जागी बसवेना. ती ओट्यावर यायची, आत जायची, पाण्याचा हंडा झाकलेला असला तरी पुन्हा झाकायची. किनाऱ्यावर जायची आणि अर्ध्या वाटेतून परतायची. रिकाम्या बांबूंकडे तिला बघवत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी तिथे आपले बोंबील टांगलेले दिसले की तेही बघवत नव्हतं. दुपारी झोप यायची आणि आडवं पडलं की उडायची. मोबाईलवर ती उगाच ट्रोम्सोचं हवामान बघायची. तिकडे वादळ होतं. छपरावरचं बर्फ पडलं असेल का, शेजारच्या म्हातारीने दारापुढची वाट साफ केली असेल का, असले विचार आईच्या फोटोसमोर बसून मनात यायचे आणि मग स्वतःचीच किळस यायची.

येणारी प्रत्येक बाई तिला जवळ घेऊन तेच विचारायची. "आता आलीस ना कायमची?"

भाविनी मान हलवायची. त्या हलवण्यातून हो की नाही ते कुणाला कळत नसे.

लेवानला मात्र काम मिळालं होतं. तो चहा द्यायचा, खुर्च्या मांडायचा. एक दिवस शेजारच्या धोंडी मावशी दारातच घुटमळल्या, तर तो अदबीने म्हणाला, "बसा मावशी, बसायला पैसे नाय लागत. बघायला पण नाय लागत. चव घ्यायला लागतात."

ते पुतळीचं बोलणं होतं, शब्द तिचे, लकब तिची, सूरसुद्धा तिचा. मावशींना आधी हसू फुटलं आणि मग त्या पदर तोंडाला लावून खाली बसल्या. लेवान घाबरला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. भाविनी मागच्या दारी गेली.

तेराव्यानंतर संध्याकाळी तिघं ओट्यावर बसली होती. भाविनी लेवानला सहज म्हणाली, "घरी कधीची तिकिटं मिळतात बघ."

जिग्नेश जाळ्याची गाठ सोडवत होता. त्याचा हात थांबला.

"घरी?" तो म्हणाला.

"म्हणजे तिकडे."

"मला कळलं ते." त्याने जाळं बाजूला ठेवलं. "जा. मी काय धरून ठेवणार आहे का? पण त्याआधी तलासरीला जाऊन ये. आईच्या जागेचं काय ते सांगून ये."

तलासरीच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बायकांचा आपसातला एक रिवाज होता. त्यांच्यातली एखादी गेली तर तिच्या जागेवर कुणी पथारी पसरत नसे. शेजारणी तिथे टोपली पालथी घालून ठेवत. दिवसकार्य झालं की त्या घरची बाई यायची, लेक नाहीतर सून. ती टोपली सरळ करून जागेवर बसायची, नाहीतर चारचौघींत तोंडाने सांगायची की सोडली. पुरुषाचा शब्द चालत नसे. निरोप चालत नसे. जिग्नेशचं लग्न व्हायचं होतं. म्हणजे भाविनीच उरली.

"फोन करून सांगितलं तर?" तिने विचारलं.

"फोनवर सांगणं तुला जमतं?" जिग्नेश म्हणाला.

जिग्नेशला बोलल्यावर वाईट वाटलं असावं. "आई गावात सगळ्यांना सांगत फिरायची गो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पोरगी येणार, डहाणूत ऑफिस टाकणार. आता तू न सांगता गेलीस तर टोपली तशीच राहील. प्रत्येक बाजाराला त्या बायका माझ्याकडे बघतील."

बाजाराच्या दिवशी तो त्यांना टेम्पोने घेऊन निघाला. हायवेला लागल्यावर गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडच्या नाक्याकडे चाललेल्या ट्रकांमागे ते रखडत राहिले. भाविनी मनात वाक्य जुळवत होती. 'तूर्त सोडते' म्हणावं. 'सध्या जमत नाही' म्हणावं. 'बघते' म्हणावं. प्रत्येक वाक्याला मागच्या बाजूने एक दार उघडं राहत होतं. तिने काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली.

"एसी नाही माझ्या टेम्पोला," जिग्नेश म्हणाला. "काच तोडू नको."

बाजारात शिरल्यावर लेवान चालता चालता थांबला. तो इथे पहिल्यांदाच येत होता, पण कान टवकारून असा उभा होता जणू जुन्या गल्लीत आलाय. कपडेवाल्याचा भोंगा, भांड्यांची ठोकाठोक, गुजरातीत भाव विचारणाऱ्या बायका. तेवढ्यात डावीकडून आवाज आला, "ही मिरची हाय का गवत? तिखट तरी हाय का जराशी?"

"जिवली!" लेवान ओरडला.

मिरच्या चिवडणारी एक काटकुळी म्हातारी वळली. "हा कोण गोरा माझं नाव घेतो?" मग तिची नजर भाविनीवर गेली, पुन्हा त्याच्यावर आली आणि तिने कपाळाला हात लावला. "आगं बाय! हा तर टोपलीतला जावई!"

ती वेवजी गावची जिवली होती. तिने त्याला हाताला धरून ओळीने बसलेल्या बायकांपुढे नेलं. "बघा गो, टोपलीत बोलायचा तो हाच. केवढा मोठा हाय! टोपलीत मावायचा कसा?"

बायका हसल्या, आणि पालथ्या टोपलीकडे लक्ष जाताच त्यांनी हसू आवरलं. आईच्या शेजारी बसणाऱ्या हिराबाईंनी भाविनीला जवळ बसवलं, पाणी दिलं.

"तुम्ही ह्याला कसं ओळखता?" भाविनीने विचारलं.

"प्रत्येक बाजाराला ऐकायचो की," हिराबाई म्हणाल्या. "पुतळी टोपली पुढं सरकवायची. म्हणायची, ऐका, जावई मराठी बोलतो. जेवणापेक्षा आम्हाला त्याची मजा."

बाजार आपल्या घरात येतो एवढंच त्या दोघांनी धरलं होतं. आपलं घरही बाजारात येत असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. टोपली चालू असेपर्यंत मराठी, हा नेम तर त्यांचाच.

"काय काय ऐकायचात?"

"सगळं," जिवली म्हणाली. तिला आडपडदा ठाऊक नव्हता. "तो बोलायचा, आज सांग. तू बोलायचीस, पुढच्या बाजाराला."

लेवानने मान खाली घातली.

"आईने ऐकलं ते?"

"बहिरी होती का ती?"

"मग कधी येतेस, कधी येतेस, असं विचारायची कशाला मला? शेवटच्या दिवशीसुद्धा विचारलं तिने."

"मी बी तेच बोलली तिला. पोरगी नाय यायची, तुला ठाव हाय, मग उगा कशाला इचारतंस? तर बोलली, तिच्या तोंडाने येऊ दे. येईल तेव्हा रडेन, आधीपासून कशाला?" जिवली उकिडवी बसली. "त्याचं नाय तिला काय वाटायचं. पोरी काय, माझ्या बी गेल्या, एक वापीला, एक सिल्वासाला. दुसऱ्याचंच वाटायचं."

"कशाचं?"

"तू थंडीचंच सांगायचीस. अंधाराचं. खायला चव नाय. म्हणायची, एवढा जीव कावतो तर राहते कशापायी? मन मारून राहते का? नवऱ्याचा धाक हाय का? मी बोलली, तो काय धाक घालतो, तो तर तुझ्याच शिव्या घालतो. हसली. पण घरी जाताना परत तेच. जिवले, पोरगी सुखात असती तर एकदा तरी बोलली असती ना."

भाविनी उठली. तिला तिथून निघून जावंसं वाटलं, हायवेपर्यंत, पुढे, कुठेही. चार पावलं गेली आणि परत आली. कुणीतरी बोंबलाचा भाव विचारत होतं, त्याला हिराबाईंनी हातानेच थांब म्हटलं.

"मग काय करतेस, बाय?" हिराबाईंनी हळूच विचारलं. "बसतेस? नाहीतर सांग. जे असेल ते सांग. आम्ही ऐकून घेतो."

भाविनी जागेसमोर उभी राहिली. तूर्त, सध्या, बघते, यातला एकही शब्द जिभेवर येईना.

"सोडली," ती म्हणाली. मग ओळीतल्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाली, "पुतळीची जागा सोडली. मी यायची नाही."

हिराबाईंनी मान डोलावली. रिवाज तेवढाच होता, तो झाला होता. ओळीतल्या बायका आपापल्या मासळीकडे वळू लागल्या. पण भाविनी हलली नाही. तिने खाली, आईच्या त्या हातभर जागेकडे बघितलं आणि भर बाजारात, हाक ऐकू जावी एवढ्या मोठ्याने बोलली.

"आई, मला तिथे आवडतं. थंडी आवडते. अंधारसुद्धा आवडतो. मी मन मारून नाही राहत गो. मी सुखात आहे."