'लग्न – कॉपी'चं बारसं

मी 'लग्न – कॉपी' बोलतोय. हसू नका, परवापर्यंत माझं हेच नाव होतं.

रबाळ्याला श्यामसुंदरशेठचं मंडप आणि खुर्च्यांचं गोडाऊन आहे. तिथल्या कॉम्प्युटरात माझा जन्म झाला. कुठलंही बुकिंग आलं की ते एका नमुन्यात भरायचं: नाव, पत्ता, तारीख, खुर्च्या. 'लग्न' हा मूळ नमुना सॉफ्टवेअरवाल्यांनी महाप्यात बसून बनवलेला. माझा थोरला भाऊच म्हणा. दिसायला रुबाबदार, पण तारखेचा रकाना एकच, लग्नाचा. मंडपाचा टेम्पो त्याच दिवशी निघणार.

आता शेजारच्या तळवली गावातली हळद काय असते, हे दादाला कोण सांगणार? लग्न लागतं मुलीकडे. नवऱ्या मुलाच्या दारात मंडप, बेंजोची वाजंत्री, जेवणं, सगळा थाट आदल्या दिवशी हळदीला. गेल्या वर्षी तिथल्याच राहीबाईंच्या थोरल्या नातवाच्या लग्नाच्या वेळी आमचा टेम्पो ऐन लग्नादिवशी पोचला. दाराला कुलूप, ओटीवर फक्त कुत्रा. हळदीचे पाहुणे आदल्या दिवशीच ताडपत्रीवर बसून जेवून गेले होते.

बुकिंग घेणाऱ्या प्राचीताईंना ते फार लागलं. धाकट्या नातवाचं बुकिंग आलं, तेव्हा त्यांनी कंबर कसली. दादाला हात लावायची सोय नव्हती, त्याला कुलूप. म्हणून त्यांनी त्याची नक्कल काढली, तोच मी. 'हॉलचं नाव' काढून टाकलं, 'हळदीची तारीख' घातली, 'बेंजोवाले कुठे बसणार' हेही विचारलं. टेम्पो हळदीच्या तारखेला बांधला. नाव तेवढं राहिलं. "नंतर बदलते," म्हणाल्या. ऑफिसातलं हे 'नंतर' कधी उजाडलेलं मी तरी पाहिलं नाही.

मग एक दिवस सॉफ्टवेअर कंपनीचा केयूर साफसफाईला आला.

"शेठ, हा डुप्लिकेट पडलाय. बुकिंग मेनमध्ये टाकतो, याला उडवू?"

"उडव रे, कचरा कशाला पाहिजे!"

कचरा! मी गेलो की राहीबाईंच्या दारात पुन्हा ताडपत्री. मला ओरडता येत नाही. पडद्यावर एक चौकट तेवढी दाखवता येते. दाखवली: 'हळदीची तारीख पुसली जाईल. चालेल?' पण माणसं चौकट वाचत नाहीत, 'हो' शोधतात. केयूरचं बोट निघालंच.

तेवढ्यात राहीबाई पत्रिका घेऊन दारात. "शेट, मागचे टायमासारखा घोल नको हां. हलदीचा मंडप हलदीलाच येल ना? पोराची शेवटची हलद हाय घरातली."

"येणार म्हणजे काय, मावशी! केयूर, तारीख बघ जरा."

केयूरने दादाला उलटंपालटं केलं. मग पहिल्यांदाच माझी चौकट वाचली. "शेठ... ती तर या डुप्लिकेटमध्येच आहे."

"हात नको लावू त्याला!" चहाचे कप घेऊन आत येणाऱ्या प्राचीताई किंचाळल्या.

टेम्पो वेळेवर गेला. प्राचीताईही हळदीला जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्या, तरी बोटं पिवळीच होती. त्या बोटांनी त्यांनी माझं नाव टाइप केलं: 'हळद'. मला भरून आलं.

आता मी मूळ नमुना झालोय, मलाही कुलूप आहे. काल साताऱ्याचे जोतीराम लग्नानंतरच्या गोंधळासाठी मंडप सांगून गेले आणि माझ्या शेजारी एक पोर जन्मलं: 'हळद – कॉपी'. बिचारं भेदरून बसलंय.

प्राचीताई, तुमच्या बोटांचा रंग उतरायच्या आत त्याचंही बारसं उरका ना.