पनवतीची खोपी

हार्लन टेशला स्वतःच्याच घरातून हद्दपार होऊन आता तीन महिने होत आले होते. रोज नव्हे, फक्त रविवारी, आणि तेही सामना चालू असेपर्यंत. तरीपण बायकोने हातात थर्मास देऊन नवऱ्याला बाहेर काढायचं आणि आत त्याच्याच टीव्हीपुढे बाकीच्यांनी पाय पसरून बसायचं, ही काही साधी गोष्ट नाही. वाईट म्हणजे हार्लनला ते पटलेलं होतं.

झालं होतं असं. ऑक्टोबरात आपली फुटबॉलची टीम (चेंडू हातात घेऊन पळायचा तो अमेरिकन फुटबॉल) सपाटून मार खात होती. एका रविवारी हार्लन गॅरेजमधून लाकडं आणायला उठला, आणि त्याची पाठ वळते न वळते तोच आपल्या पोरांनी टचडाऊन केला. तो परत येऊन खुर्चीत टेकला मात्र, क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याच्या, हातून चेंडू निसटला. खोलीतल्या सगळ्यांनी एकदमच हार्लनकडे पाहिलं.

"जा, अजून थोडी लाकडं आण," त्याची बायको आर्डिस म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात इतक्या गोड आवाजात ती त्याच्याशी बोलल्याचं त्याला आठवेना. तो गेला आणि आपण जिंकलो. पुढच्या रविवारी प्रयोग म्हणून पुन्हा पाठवला, पुन्हा जिंकलो. नोव्हेंबरात एकदा बिचारा गारठून फक्त लघवीला म्हणून आत आला, तेवढ्यात हातातला सामना गेला. मग शिक्कामोर्तबच झालं. हार्लन पनवती आहे. त्याने सामना बघायचा नाही, ऐकायचा नाही, घरात थांबायचं नाही. डिसेंबरात घरामागचं तळं गोठलं तशी त्याची बदली गॅरेजमधून बर्फावरच्या मासेमारीच्या खोपीत झाली.

आता हसणाऱ्याने हसावं. पण विस्कॉन्सिनच्या या भागात असं एक घर दाखवा, जिथे सामन्याच्या दिवशी कुणी न धुतलेले मोजे घालत नाही किंवा कुत्र्याला ठरलेल्या बाजूलाच बसवत नाही. देवावर विश्वास नसलेली माणसं आहेत इथे. मोज्यांवर नसलेली नाहीत.

आज हंगामातला शेवटचा साखळी सामना होता, शिकागोवाल्यांशी. यापुढे फक्त प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात कोंबडीचा रस्सा रटरटत होता आणि त्याच्याभोवती वाद.

"आज जिंकलो की प्लेऑफ," आर्डिसचा भाचा डुएन म्हणाला. हा चीजच्या कारखान्यात कामाला, आणि तोंडात कायम चीज. "हरलो तरी चान्स आहे म्हणा. मिनेसोटा हरली पाहिजे, सिएटल जिंकली पाहिजे, आणि..."

"आणि जुलैत बर्फ पडला पाहिजे," हार्लनचा जुना दोस्त विल्मर म्हणाला. "आज जिंकायचं. एवढंच."

"जिंकायचं कसं? क्वार्टरबॅकचा घोटा सुजलाय. गुरुवारी सरावाला लंगडत होता, मी पाहिलं."

"माझे दोन्ही गुडघे गेलेत. म्हणून मी काय चेंडू फेकला नाही?"

"विल्मरकाका, तुम्ही शेवटचा चेंडू फेकलात तेव्हा तो डुकराच्या कातड्याचा होता, आणि डुक्कर आतच होतं."

विल्मर हसला आणि हसता हसता खोकायला लागला. त्याच्या नाकाखालून एक बारीक नळी कानांवरून मागे जायची, आणि तिच्या टोकाला प्राणवायूचा सिलिंडर चाकांवर बसून कुत्र्यासारखा त्याच्यामागे हिंडायचा. जन्म कागदाच्या गिरणीत गेला, फुप्फुसं तिथेच राहिली. हार्लन आणि तो पहिलीपासून एका बाकावरचे. सप्टेंबरात दोघं मिळून होडी उलटी घालत असताना विल्मर सहज बोलावं तसं म्हणाला होता, "डॉक्टर म्हणतो पुढचा हंगाम काही मला दिसत नाही. एकदा आपली पोरं प्लेऑफात बघायची आहेत, बस."

हे त्याने फक्त हार्लनला सांगितलं होतं. म्हणून तर हार्लन निमूट बाहेर जात होता. बाकीच्यांना वाटायचं म्हाताऱ्याने बायकोपुढे हात टेकले. खरं म्हणजे त्याने नवस बोलला होता, कुणाला ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

"वेळ झाली," आर्डिस म्हणाली आणि त्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला. "रेडिओ नाही ना खिशात?"

"नाही."

"फोन?"

त्याने फोन काढून ताटाळ्यावर ठेवला. जाताना त्याने वळून पाहिलं. विल्मर त्याच्या, म्हणजे हार्लनच्या, हात असलेल्या मोठ्या खुर्चीत बसला होता आणि टीव्हीकडे न बघता त्याच्याकडेच बघत होता.

"चाललास वनवासाला?" विल्मर म्हणाला.

"मासे पकडायला," हार्लन म्हणाला.

खोपी हार्लनने स्वतः बांधलेली. तो सुतार, त्यामुळे फटी नाहीत आणि खिडकीही नाही. कोपऱ्यात एक छोटी गॅसची शेगडी होती, तरी दार ओढलं की मिट्ट काळोख. मग जरा वेळाने बर्फाला पाडलेल्या भोकातून उजेड वर यायचा. वरच्या बर्फातून पाण्यात झिरपलेलाच दिवस तो, पण इथे बसलं की वाटायचं तळ्याच्या तळाशी कुणीतरी दिवा लावून ठेवलाय. हिरवट, दुधाळ उजेड. त्यात गळाचा दोरा खाली खाली जात नाहीसा व्हायचा. हार्लन उलट्या बादलीवर बसून त्यात बघत राहायचा, आणि काही वेळाने आपण जागे आहोत की नाही हेही त्याला नक्की सांगता यायचं नाही. मधूनच तळं बोलायचं. बर्फ ताणला की या काठापासून त्या काठापर्यंत एक लांब खोल सूर जायचा आणि खोपीच्या फळ्यांतून अंगात शिरायचा.

सामना ऐकायचा नाही, असा आर्डिसचा कायदा. पण तळ्याला तो कोण सांगणार? तळ्याभोवती घरं, आणि प्रत्येक घरात तोच सामना. गंमत अशी की सगळीकडे तो एका वेळी पोचत नसे. पलीकडच्या काठावर म्हाताऱ्या गुंडरसनच्या छपरावर जुना अँटेना होता, त्याला सगळ्यात आधी दिसायचं. तो आरोळी ठोकायचा, मग त्याच्या शेजारचं घर, मग पुढचं, अशी ती आरोळी तळ्याला वळसा घालत यायची. सगळ्यात शेवटी हार्लनचं घर. उन्हाळ्यात डुएनने मोठ्या हौसेने इंटरनेटवरचा टीव्ही लावून दिला होता, तो जगाच्या चांगला अर्धा मिनिट मागे.

त्या दिवशी आरोळ्या थोड्या आल्या. मग आल्याच नाहीत. एकदा गुंडरसनने काहीतरी शिवी हासडली, तीही घरोघर फिरत आली. गळाचा दोरा हलला, तरी हार्लनने ओढला नाही.

तेवढ्यात बाहेर बर्फावर काहीतरी घासत घासत येताना ऐकू आलं. थांबायचं, पुन्हा घासायचं. हार्लनने दार उघडलं. हिमाच्या भुरभुरीत विल्मर उभा होता, अंगावर आर्डिसची गोधडी, हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला पोरांच्या घसरगाडीवर आडवा ठेवलेला सिलिंडर. ओठ निळे पडलेले.

"ती शेगडी आधी बंद कर," तो म्हणाला. "माझ्या नाकात प्राणवायू आहे. नाहीतर प्लेऑफच्या आधी आपणच वर जायचो."

हार्लनने धावत शेगडी विझवली, त्याला धरून आत घेतलं, बादलीवर बसवलं. मग त्याला राग आला.

"अक्कल आहे का तुला? इतक्या थंडीत? आणि सामना?"

"चौथा, शेवटचा क्वार्टर सुरू होतोय. दहाने मागे आहोत."

"मग तू इथे काय करतोयस! बघायचं कोणी?"

"आर्डिसला वाटतंय मी मागच्या खोलीत पडलोय."

"विल्मर, मी तीन महिने गारठून मरतोय ते कुणासाठी?"

"तेच विचारायला आलो. कुणासाठी?"

हार्लन खाली भोकाकडे बघत म्हणाला, "तूच म्हणाला होतास. होडीपाशी. एकदा प्लेऑफ बघायचाय."

"म्हणालो होतो. अरे, मग मी काय एकटा बसून बघणार होतो?" विल्मरने दम घेतला. "दर रविवारी तुझ्या खुर्चीत बसतो. तिला तुझ्या भुश्याचा वास येतो, आणि तू नाहीस. शेजारी डुएन, तो तोंडातलं चीज उडवतो. माझे असे किती रविवार राहिलेत, हार्लन? आणि तू ते माशांना वाटतोयस."

हार्लनला एकदम भडभडून आलं. नवस आपण बोललो आणि फेडला याच्या रविवारांनी, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याने जमिनीवर बसकण मारली, बादलीला पाठ टेकली, आणि विल्मरने गोधडीचं अर्धं टोक त्याच्या खांद्यावर टाकलं.

शेगडीशिवाय खोपी गार पडत गेली. श्वासाची वाफ हिरव्या उजेडात वर चढायची आणि विरायची. सिलिंडर हळू फुसफुसत होता. तळ्याने एक लांब सूर काढला.

"लहानपणी बर्फाला कान लावून झोपायचो आपण," विल्मर म्हणाला. "तू म्हणायचास, खालून रेल्वे जाते."

"तू म्हणायचास तिकीट काढू."

"अजून काढलेलं नाही."

"नको काढूस इतक्यात."

दोघंही हसले, हळूच, खोकला येणार नाही इतपत. बाहेर दिवस कलत होता. भोकातला हिरवा रंग गडद होत चालला, आणि एक पर्च मासा त्या उजेडात येऊन गळाकडे जरा वेळ बघत थांबला. दोघांनीही त्याला बघू दिलं. किती वेळ गेला कोण जाणे. एक आरोळी तळ्याला वळसा घालून गेली. मग बऱ्याच वेळाने दुसरी, जरा लहान. विल्मरचे डोळे मिटले होते.

"झोपलास?"

"नाही. ऐकतोय."

मग सगळं थांबलं. एकही घर बोलेना. कुत्रीसुद्धा भुंकेनात. हार्लनला कळलं, शेवटची किक असणार. सगळा काठ श्वास धरून बसला होता, आणि मधोमध, बर्फावर, ते दोघं.

गुंडरसनने आरोळी ठोकली. मग त्याने बाहेर येऊन होडीचा भोंगा वाजवला, आणि वाजवतच राहिला. शेजारचं घर उठलं. मग पुढचं. कुणी दारं आपटली, कुणी भांडी बडवली, कुणी बायको घराबाहेर येऊन नुसतीच किंचाळत सुटली. आरोळी काठाकाठाने येत होती आणि हार्लनच्या घरात मात्र अजून चिडीचूप.

विल्मरने डोळे उघडले. "तिला अजून माहीतच नाही," तो म्हणाला.

"बिचारी. पदर चावत बसली असेल."

"अ‍ॅप्रन."

"तेच ते."

त्या अर्ध्या मिनिटात घरच्यांपैकी ती गोष्ट फक्त त्या दोघांपाशी होती. विल्मरने हातमोज्यासकट हार्लनचा हात धरला. आपली पोरं प्लेऑफात गेली होती, विल्मर जिवंत होता आणि शेजारी बसला होता. याहून जास्त हार्लनने कधीच काही मागितलं नव्हतं.

मग आर्डिसची किंकाळी आली, आणि थोड्या वेळात बर्फावरून धावणारी पावलं. दार उघडलं तर पुढे डुएन, मागे मोकळ्या कोटात आर्डिस.

"जिंकलो! शेवटच्या..." डुएन थबकला. "विल्मरकाका?"

"अरे देवा!" आर्डिस ओरडली. "मी मागच्या खोलीत बघून आले, पलंग रिकामा! मरायचंय का तुला? आणि हार्लन, तू, तू याला..." ती बोलता बोलता थांबली. "विल्मर, तू कधी आलास इथे?"

"चौथा सुरू होताना."

आर्डिसने डुएनकडे पाहिलं. डुएनने आर्डिसकडे. ऑक्टोबरात सगळ्यांनी हार्लनकडे पाहिलं होतं, ती नजर हार्लनने बरोबर ओळखली.

"तिथूनच फिरला सामना," डुएन चर्चमध्ये बोलावं तसा म्हणाला.

"अजिबात नाही," हार्लन उठून उभा राहिला. "पुढच्या रविवारी तो आत बसेल. मी इथे."

आर्डिस रडकुंडीला आली होती. तिचा मोज्यांवर विश्वास होता, पण विल्मरवर तिची मायाही होती. "विल्मर, मग प्लेऑफ तू बघणार कसा रे..."

"बोल, आर्डिस, बोलून टाक," विल्मर म्हणाला. "म्हण, जा, लाकडं आण."

ती हसली आणि मग तोंडावर हात ठेवून रडली.

"आणि हार्लन, तू मध्ये बोलू नकोस. पनवतीला मत नसतं." विल्मरने गोधडी सावरली. "मी इथेच बसेन. पण या बादलीवर नाही, हाडं टोचतात. मला खुर्ची पाहिजे. हात असलेली."

शनिवारी दुपारी डुएन आणि हार्लनने ती मोठी खुर्ची घसरगाडीवर घालून तळ्यावर नेली. ती खोपीच्या दारातून काही आत जाईना. डुएन म्हणाला, हात कापू या. हार्लनने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, घरी जाऊन हत्यारांची पेटी आणली, आणि खोपीची एक भिंत काढून दोन खुर्च्या मावतील एवढी जागा वाढवली.