फोर्टी-सिक्स्टी कशी हरली

उर्वशीला सहा वर्षांत मी एकच गोष्ट सांगू शकलो नाही, आणि सांगायची होती ती नेमकी तीच. एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं. नवरदेवाच्या मामाशी भांडायला, मंडपात वायर तुडवणाऱ्या पाहुण्यांवर ओरडायला मी सगळ्यांत पुढे. नाव माझं संघर्ष, पण पुसदचे फोटोवाले मला 'तापट संघर्ष' म्हणतात.

लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं आमचं दुकान बसस्टँडमागे, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर. दोन टेबलं, दोन लॅपटॉप. शूटिंग माझं, कापणं-जोडणं तिचं. उर्वशी ही देवीलालकाका राठोडांची धाकटी मुलगी. रोज बंजारा तांड्यावरून स्कूटीवर यायची आणि आल्या आल्या पहिलं वाक्य ठरलेलं, "चार्जर लाव."

लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचं असं असतं, की चार्जर काढला की ते अर्ध्या ताकदीवर येतं. कितीही भारी कार्ड असो, बॅटरीवर ते मरगळतंच. हे मला कळत होतं, पण मी विसरायचो. म्हणजे आधी खरंच विसरायचो. नंतर तिनं ओरडावं म्हणून विसरायला लागलो. "पंख्याचा आवाज नाही येऊन राह्यला. म्हणजे कार्ड झोपलं हाय. माणूस हायेस का दगड?" हे दिवसातून दोन-चारदा ऐकलं नाही, तर मला जेवण जात नसे.

माघात तिची सगाई झाली. मुलगा नागपूरचा, अमर चव्हाण. कंपनीत आहे, माणूस चांगला आहे. वाईट असता तर किती बरं झालं असतं! सगाईचं शूटिंग मीच केलं, घरचं काम दुसऱ्याला कसं देणार. काकांनी मला पहिल्या पंगतीला बसवलं, स्वतः वाढलं आणि म्हणाले, "तू तं आमचा पोरगाच हायेस." पोरगा म्हणाले. पोरगा आणि जावई यांतला फरक त्यांच्या तांड्यावर काय किंवा आमच्या वस्तीत काय, कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तरी ती एकदा म्हणाली असती, तर मी दोन्हीकडे भांडलो असतो. भांडायला मी भीत नाही. तिनं म्हणावं म्हणून वाट पाहत बसलो, एवढंच माझं शौर्य.

लग्नाला आठ दिवस उरले, तेव्हा ती वाटणी करायला आली. एक लॅपटॉप ती नागपूरला नेणार, एक माझ्याकडे राहणार. जुना जाडजूड, त्यात थर्टी-सिक्स्टी कार्ड. नव्यात फोर्टी-सिक्स्टी, त्याहून वेगवान.

"नवा तू ठेव," ती म्हणाली. "काम तुले करायचं हाय."

"अन् तिथं तुले काय काम नाही? तू ने."

"मले जुना पुरते."

"तसा काही फरक नाही दोघांत," मी ठोकून दिलं.

"फरक नाही? चल, लावून पाहू मंग. एकच प्रोजेक्ट दोन्हीवर. जो हळू चालीन तो मी नेईन. मंजूर?"

मंजूर म्हणालो. टेस्टला दुकानातला सगळ्यात जड प्रोजेक्ट पाहिजे होता. तिनं दोन्हीकडे टाकला तो तिच्याच सगाईचा. "हाच जड हाय," म्हणाली, आणि चहा सांगायला जिन्यापर्यंत गेली.

तेवढ्यात मी नव्या लॅपटॉपच्या चार्जरची पिन जराशी बाहेर ओढली. दुरून लावल्यासारखीच दिसेल, एवढीच. नवा हरावा आणि तिच्याकडे जावा, हे एक. पण खरं सांगायचं तर माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. तिच्या कानातून पंखा सुटत नाही. ती आत्ता ओरडेल, "चार्जर लाव." आणि ती ओरडली की मी म्हणेन, "नको जाऊ." मनाशी पक्कं केलं होतं.

ती आली. दोन्ही एकदम सुरू केले. जुन्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. नवा गप्प. त्याची स्क्रीनही जरा मंद झालेली. उर्वशीनं कोपऱ्यातल्या बॅटरीच्या खुणेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी चहा पीत राहिलो. बशीत चहा सांडला.

ती ओरडली नाही.

जुना चौदा मिनिटांत मोकळा झाला. नवा रांगत होता. आम्ही दोघं शेजारी बसून, व्हिडिओ किती तयार झाला तो टक्का वाढताना बघत होतो. अठ्ठ्याहत्तर. ऐंशी. खाली झेरॉक्सवाला कुणाशी तरी हसत होता. मला वाटत होतं, आता म्हणेल. नव्वदला म्हणेल. तेविसाव्या मिनिटाला नवा संपला.

"फोर्टी-सिक्स्टी हरली," ती म्हणाली. "म्हणजे हा माहा."

तिनं बॅग उघडली. चार्जर काढायला घेतला, तर पिन न ओढताच हातात आली. लॅपटॉप बॅगेत ठेवून ती हातातल्या पिनेकडे बघत उभी राहिली.

"पहिल्याच मिनिटाले समजलं होतं मले," ती म्हणाली.

"मंग बोलली काहून नाही?"

"सहा वर्षं मीच बोलून राह्यली, संघर्ष. आज म्हटलं, तू बोलशीन. तेवीस मिनिटं थांबली मी." तिचे डोळे भरले होते. "अजून थांबू का?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. आणि म्हणालो, "बॅगेची चेन नीट लाव. पडीन."

तिनं चेन लावली आणि जिना उतरली. खाली स्कूटी एका किकमध्ये सुरू झाली. एरवी तिला चार-पाच लागायच्या.

लग्नाचं शूटिंग मीच केलं. पाठवणीच्या वेळी तिनं कॅमेऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मिक्सिंगही मीच केलं, जुन्या लॅपटॉपवर, चार्जर लावून. आता मी तो कधीच विसरत नाही.