बिनदोऱ्याचे टाके

सकाळी आठलाच हॉल गच्च भरला होता. भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो, खाली पाचव्या महिन्यातल्या बायका, त्यांच्या मागे सासवा आणि समोर टाकेबाबा. बाबांच्या हातात दाभणाएवढी सुई होती आणि सुईत दोरा नव्हता. "घडवणारा घाईत असतो हो," समोरच्या बाईच्या पाठीमागे सुई हवेत फिरवत बाबा सांगत होते, "कधी शिवण उसवलेली राहते. आपण गरीब शिंपी. नऊ टाके घालतो, बाळाचा कणा बंद." नववा टाका पडला तशी बाई रडायलाच लागली. ज्यांना ज्यांना टाके पडले, त्यांची बाळं धडधाकट जन्मली होती. अपवाद एकही नाही.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नर्सबाईला संशय आला होता तो या 'एकही नाही'चाच. वीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढल्यावर इतकं कळतं, की शंभर टक्के यश फक्त जाहिरातीत असतं. आज तिची आठवड्याची एकुलती सुट्टी होती आणि तिला खरं तर झोपायचं होतं.

पण येणं भाग होतं. तिच्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळ पाठीचा कणा उघडा घेऊन जन्मलं आणि अकराव्या दिवशी गेलं. आता धाकटीला दुसरं हवं होतं. दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायच्या फॉलिक अ‍ॅसिडच्या जास्त ताकदीच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या होत्या. बाबांनी त्या बंद करायला लावल्या, कारण गोळीने म्हणे टाका धरत नाही. पाचव्या महिन्यात या, तोवर निर्धास्त राहा. नर्सबाईने परोपरीने समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. खोट तुमच्याच रक्तात आहे, असं धाकटीच्या सासूने तोंडावर सुनावलंही होतं. अजून दिवस राहिले नव्हते, तरी त्या दोघी सासू-सुना आज पहिल्या रांगेत होत्या.

बाबांचा एक नियम होता. सोनोग्राफीचा रिपोर्ट लिफाफा न फोडता आणायचा. तो पडद्याआड दहा मिनिटं 'शुद्ध' व्हायचा. मग कुणाला टाके पडायचे, कुणाला उशीर केलात म्हणून वाटेला लावलं जायचं. पुढे तेच लिफाफे तपासणीच्या दिवशी वॉर्डात यायचे. सोनोग्राफीनंतर ते चिकटवून देण्याचं काम नर्सबाईचंच. डॉक्टरांना बोट घालून फोडता यावा, म्हणून ती एक कोपरा नेहमी मोकळा ठेवायची. गेले काही महिने मात्र लिफाफे परत येताना कोपऱ्यापर्यंत डिंक थापून येत होते.

म्हणून तिने वॉर्डातल्या आयाला बरोबर आणलं होतं. आयाला पाचवा महिना होता आणि तिचा रिपोर्ट चांगला होता. तो होता नर्सबाईच्या पर्समध्ये. लिफाफ्यात होता नर्सबाईने स्वतः टाइप केलेला खोटा कागद.

लिफाफा पडद्याआड जाऊन आला. बाबांनी डोळे मिटले, मान हलवली. "पोरी, उशीर केलास. बाळाचा कणा उघडा आहे. आता टाका धरायचा नाही."

आयाला सगळं ठाऊक होतं, तरी तिचा हात पोटावर गेला आणि चेहरा पांढराफटक पडला. नर्सबाईला स्वतःचीच लाज वाटली. ती पुढे झाली आणि खरा रिपोर्ट तिने एका म्हाताऱ्या मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी मोठ्याने वाचला. कणा बंद, बाळ निरोगी.

"लिफाफ्यातला कागद मी टाइप केलाय," नर्सबाई म्हणाली. "बाबांना बाळ दिसत नाही, कागद दिसतो. ज्यांचा रिपोर्ट चांगला, त्यांनाच टाके. बाकीच्यांना दरवाजा."

श्रद्धेची परीक्षा घेणाऱ्याचं भलं होत नाही, असं बाबा म्हणाले आणि निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. नर्सबाईला त्याचं नवल वाटलं नाही. पाच-सहा जणी मात्र आपापले लिफाफे परत मागायला उठल्या.

बाहेर पायरीवर धाकटीच्या सासूने तिला गाठलं. "मग आमच्या पहिल्या बाळाचं जे झालं, त्यात दोष कुणाचा?"

"कुणाचाच नाही, काकू. आई-बाप दोघांकडून बारीकसारीक जनुकीय बदल येतात. थोडे तुमच्या घरचे, थोडे आमच्या. कधी त्यांच्यामुळे शरीराला फॉलिक अ‍ॅसिड नीट वापरता येत नाही. आणखीही कारणं असतात, सगळी डॉक्टरांनाही कळलेली नाहीत. पण कणा मिटतो तो पहिल्या चार आठवड्यांत. तेव्हा दिवस गेलेत हे बाईलाही माहीत नसतं. पाचव्या महिन्यात कोण काय शिवणार? पुढचं बाळ शंभरात पंच्याण्णव जणींचं तरी चांगलंच असतं. गोळ्यांनी उरलेला धोकाही बराच कमी होतो. पुरता जात नाही. तशी खात्री बाबा देतात, मी नाही देणार."

धाकटी पुढे आली. "ताई, तेव्हा मी आधीपासून गोळ्या घेतल्या असत्या, तर ते वाचलं असतं?"

नर्सबाईला खोटं बोलणं सोपं होतं. "माहीत नाही गं. कदाचित. पण तुला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलंय, आणि अजून वेळ आहे. कुणाचंही ऐक, माझंसुद्धा, पण 'कशावरून' एवढं विचारून ऐक."

धाकटी बराच वेळ रडली. मग तिने विचारलं, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर.