आवाज भरून धाडा

मी एक जुना कॉलर माइक आहे. शेंगदाण्याएवढे डोके, त्यावर काळ्या स्पंजची टोपी, पाठीला चिमटा आणि मागे लांब वायर, एवढाच माझा देह. पण माझ्याविषयी काही सांगायला बसलो की मला आधी एक पत्र आठवते. ते माझ्याही आधी त्या घरात आले होते आणि त्याचे उत्तर फार दिवस गेले नव्हते.

पत्र चांदवडहून आले होते. माझे मालक पुंजारामकाका यांच्या पत्नी सुलाबाई, त्यांच्या धाकट्या बहिणीने, झुंबरबाईंनी, ते शेजारच्या मुलीकडून लिहून घेतले होते. मला खणात ठेवताना पुंजारामकाकांनी ते पुन्हा एकदा मोठ्याने वाचले, म्हणून मला ठाऊक आहे. "दाजींना अन् अक्काला जयभीम. इथल्या विहारात पौर्णिमेला वंदना मी सांगते, पण मधीच चाल सुटती. आपल्या आईची चाल आता फक्त अक्काच्या गळ्यात हाय. दाजी, तुम्ही व्हिडिओ करनार म्हनं. अक्काचा आवाज भरून धाडा. मला आता दिसत नाय, पन ऐकू लय चांगलं येतं. माझ्या साध्या फोनात कार्ड टाकलं की वाजतं."

"आधी आवाज भरू," काका म्हणाले, "आणि त्याच्यासोबतच उत्तर पाठवू. नुसतं पत्र काय धाडायचं?" पत्र खणात गेले आणि मी त्याच्यावर.

मित्रांनो, मला डोळे नाहीत. जे कानावर पडले तेवढेच मी सांगणार आहे. त्यात चूक असू शकेल, ती माझीच समजा. एक गोष्ट मात्र खात्रीने सांगतो. वायर कशाला जोडलेली असो वा नसो, मला ऐकू येतच असते. ऐकलेले पुढे पोहोचवणे तेवढे माझ्या हातात नसते.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथला गलका मला आठवतो, माणसे आठवत नाहीत. तिथून मी नाशिकला एम. जी. रोडवरच्या एका दुकानात आलो आणि काचेमागे बराच काळ पडून राहिलो. गिऱ्हाईक यायचे, मोठे माइक मागायचे, मला बाजूला सारायचे. एके दिवशी एक अतिशय हळू आवाज ऐकू आला. त्या माणसाने दुकानदार गोटीरामला माझ्या पेटीवरचा सगळा मजकूर वाचून दाखवला, जणू गोटीरामला वाचता येत नव्हते. मग गोटीरामने विचारले, "काका, कॅमेऱ्याला लावणार का फोनला?"

"कॅमेऱ्याला," तो आवाज म्हणाला. "म्हणजे, घेणार आहे कॅमेरा."

ते पुंजारामकाका. एका वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याचे काम करून ते निवृत्त झाले होते. सातपूरकडच्या एका कॉलनीत सुलाबाई आणि मुलगी तेजल यांच्यासह राहायचे. तेजल तिथल्याच एका कंपनीच्या ऑफिसात नोकरीला होती. घरी बसून पुस्तकांविषयी छोटे व्हिडिओ करावेत अशी काकांची फार दिवसांची इच्छा होती. चार माणसांसमोर बोलायला ते घाबरायचे. कॅमेऱ्यासमोर कदाचित जमेल, असे त्यांना वाटे. पत्र आले आणि या हौसेला एक काम मिळाले. पहिला व्हिडिओ सुलाबाईंच्या वंदनेचा करायचे ठरले.

ठरले, पण कशावर करायचा ते ठरेना. काकांनी व्हिडिओविषयी जे मिळेल ते वाचले. चित्र थोडे अंधुक असले तरी चालते, आवाज खराब असला तर कोणी बघत नाही, हे कुठेतरी वाचून त्यांनी आधी मला आणले. इथपर्यंत त्यांचे बरोबरच होते. मग कॅमेऱ्याचा प्रश्न आला. एक कॅमेरा घरात कमी उजेडात चांगला चाले, पण मधेच आपोआप बंद पडे. दुसरा बंद पडत नसे, पण त्याला माइक जोडायला जागाच नव्हती. सॉफ्टवेअरचेही तसेच. एक फुकट होते, पण व्हिडिओच्या कोपऱ्यात स्वतःचे नाव छापायचे. एक फार चांगले होते, पण त्याच्या ओझ्याने काकांचा कॉम्प्युटर धापा टाकायचा. तिसरे फोनवर सहज चालायचे. त्याच्यावर काकांचा विश्वास बसेना. इतके सोपे आहे म्हणजे त्यात काहीतरी कमी असणार, असे त्यांना वाटे.

सुलाबाई स्वयंपाकघरातून टोमणा मारायच्या, "लग्नाच्या येळी असं तपासत बसले असते, तर मी अजून चांदवडला कांदे निवडत असते."

"तपासलं होतं की," काका हळूच म्हणायचे.

"काय तपासलं व्हतं?"

"आवाज."

मग स्वयंपाकघरातून भांड्याचा जरा जास्तच आवाज यायचा.

कॉलनीच्या विहारात पौर्णिमेची वंदना सुलाबाई सुरू करायच्या आणि बाकीच्या बाया मागून म्हणायच्या. शेजारच्या कुसाबाई म्हणायच्या की सुलाबाईंनी तोंड उघडल्याशिवाय त्यांना पुढचा शब्दच आठवत नाही. त्या चालीत एक जागा होती. तिथे सगळे आवाज वर नेतात. सुलाबाई खाली उतरवायच्या, थांबायच्या आणि मग पुढे जायच्या. त्यांच्या आईची तशी पद्धत होती. खणात पडल्या पडल्या मी ते रोज ऐकायचो, कारण भाकरी करतानाही त्या तेच गुणगुणायच्या.

काकांची तुलना चालू असतानाच तो आवाज बसायला लागला. आधी सर्दी म्हणून काढे झाले. मग मिसरी लावणे सोडा, असे तेजल चिडून म्हणाली. सुलाबाईंनी ती सोडलीही, पण आवाज सुधारला नाही. भाकरीच्या वेळचे गुणगुणणे बंद झाले. शेवटी मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली आणि त्या संध्याकाळी घरात कोणी टीव्ही लावला नाही. गाठ आवाजाच्या पेटीवर होती आणि ती पेटीच काढावी लागणार होती. पुढे गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घ्यायचा. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ऑपरेशनपर्यंत बोलणे कमी करा, असेही सांगितले होते.

तेजल म्हणाली, "पप्पा, आत्ता माझ्या फोनवर भरून घेऊ. जसं येईल तसं."

"पंखा वाजतोय, रस्त्यावरून बसेस चालल्यात," काका म्हणाले. "एकदाच होणार आहे, तेजल. नीट होऊ दे."

कॅमेरा शेवटपर्यंत ठरलाच नाही. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी काकांनी नाइलाजाने स्वतःचा फोन तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला. बाकी तयारी मात्र त्यांनी पुस्तकात लिहिल्यासारखी केली. खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या. पंखा आणि फ्रिज बंद केला. मिक्सर लावू नका म्हणून कुसाबाईंना सांगून आले. फोनने स्वतःच्या कानाने काही ऐकू नये, फक्त माझेच ऐकावे, अशी व्यवस्था सॉफ्टवेअरमध्ये शोधून काढून तीही चालू केली. मग मला सुलाबाईंच्या पदराला लावले. त्यांचे काळीज धडधडत होते. छातीत घरघर होती.

भरण्यापूर्वी थोडे बोलून, ते वाजवून पाहावे, हे काकांनी प्रत्येक ठिकाणी वाचले होते. सुलाबाईंनीच विचारले, "आधी काही बोलून बघू का?"

"नको," काका म्हणाले. "आहे तो आवाज वंदनेला राहू दे."

त्यांनी सुलाबाईंचा आवाज जपला, मित्रांनो.

सुलाबाईंनी वंदना म्हटली. आवाज फाटत होता, दोनदा खोकला आला, पण ती जागा आली तेव्हा त्या खाली उतरल्या, थांबल्या आणि पुढे गेल्या. मग म्हणाल्या, "झुंबरे, ही आईची चाल. इसरू नको." मी यातले अक्षर न् अक्षर ऐकले. त्याच्याइतके चांगले मी पुढे कधी काही ऐकले नाही.

माझ्या पिनेवर दोन काळ्या रेघा आहेत. अशी पिन कॅमेऱ्याला चालते. फोनला तीन रेघांची लागते. मी बोलत राहिलो आणि फोन माझी वाट पाहत राहिला. स्वतःचे कान त्याने सांगितल्याप्रमाणे मिटून घेतले होते.

सुलाबाई दवाखान्यात असताना काका अंघोळीला घरी आले आणि त्यांनी तो व्हिडिओ कॉम्प्युटरवर लावला. मला बटणाची टकटक ऐकू आली. मग काहीच नाही. पुन्हा टकटक. आवाज मोठा केल्यावर एक बारीक गुणगुण आली, माशी काचेवर बसल्यासारखी. ऑपरेशन आदल्या दिवशीच झाले होते.

डबा न्यायला आलेल्या तेजलने माझी पिन उजेडात धरली असावी. मग म्हणाली, "पप्पा, ही कॅमेऱ्याची पिन आहे."

"माहीत आहे," काका म्हणाले. "वाचलं होतं मी."

त्यांनी मला खणात टाकले. मी त्याच पत्रावर पडलो आणि खण बंद झाला.

सुलाबाई घरी आल्या त्या पाटी-खडू घेऊन. आता त्यांचा श्वास वेगळा ऐकू यायचा, फाटक्या भात्यासारखा. त्या पाटीवर काही लिहायच्या आणि काका ते मोठ्याने वाचायचे. सगळे मोठ्याने वाचायची त्यांची सवयच होती. व्हिडिओ कधी दाखवता, हे पाटीवर पुष्कळदा आले. काका म्हणायचे, एडिटिंग चालू आहे. कुसाबाईंनी विचारले तर सांगायचे की सॉफ्टवेअर अजून ठरत नाही. सगळ्यांना ते पटायचे. हा माणूस असाच आहे, हे कॉलनीला ठाऊक होते. खरे काय ते तेजललाही त्यांनी सांगू दिले नाही.

विहारात आता कुसाबाई फोनवर कोणाची तरी वंदना लावतात, असे कानावर आले. सुलाबाईंनी विहारात जाणे सोडले. घरात खडूचा आवाज दिवसेंदिवस कमी होत गेला. झुंबरबाईंच्या पत्राला उत्तर गेले नाही ते नाहीच.

एका दुपारी काकांचा डोळा लागला होता. कॉम्प्युटरपुढची खुर्ची सरकली. बटणाची टकटक झाली, पण ती काकांच्या बोटांची नव्हती. मग तो भात्यासारखा श्वास आणि ती बारीक गुणगुण, दोन्ही एकदम ऐकू आले. सुलाबाईंनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग टेबलावर हाताची थाप पडली आणि काका जागे झाले.

पाटीवर खडू घासला. काकांनी नेहमीसारखे वाचले. "झुंबरला काय कळवलं?"

"काहीच नाही," त्यांनी उत्तर दिले.

पुन्हा खडू. "तुम्ही म्हणा." हे वाचून काका घाबरले. "मी? मला चाल येत नाही, सुला. माझा आवाज हा असा. हसतील लोक."

खडू जोरात घासला, बहुतेक तुटलाही. काकांनी वाचले, "एवढी वर्षं ऐकता की."

तेजलने एम. जी. रोडवरून बोटाच्या पेराएवढी एक जोडपिन आणली. तिने माझ्या दोन रेघा फोनच्या तीन रेघांना जुळतात. या वेळी काकांनी आधी मला "हॅलो" म्हटले आणि वाजवून ऐकले. माझा आवाज फोनमधून बाहेर पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मग त्यांचा अभ्यास सुरू झाला. काका म्हणायचे, सुलाबाई हाताने वर-खाली दाखवायच्या आणि चुकले की टेबलावर थाप मारायच्या. त्या एका जागेवर काकांचा आवाज दर वेळी वर पळायचा. थाप. पुन्हा वर. पुन्हा थाप. "शाळेत नाही इतका मार खाल्ला," काका पुटपुटले, तेव्हा तो भाता थोडा वेगाने चालला. ते हसणे असावे. मला खात्री नाही. एका सकाळी काका त्या जागी खाली उतरले आणि थांबले. थाप पडली नाही.

त्याच दिवशी आवाज भरला. तेजलने फोनवरच्या त्या सोप्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडला आणि म्हणाली, "पप्पा, मागे खरखर येतेय, मधेमधे थापा पण आहेत. इथं एक बटण आहे, सगळं साफ होईल. दाबू?"

एरवी असा प्रश्न आला की काका म्हणायचे, थांब, जरा वाचून बघतो.

"नको," ते लगेच म्हणाले.

"पण ती खरखर..."

"ती तुझी आई आहे."

तेजलने बटण दाबले नाही.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. स्पंजची टोपी विरली आहे आणि वायर एका जागी दुमडली की माझा शब्द तुटतो. सुलाबाईंच्या गळ्यापाशी पुन्हा काहीतरी हाताला लागते म्हणून डॉक्टरांनी परत तपासणीला बोलावले आहे. माझ्यासारख्याने तुम्हाला काय शिकवावे? तरी विनवतो. सामान जरूर पारखून घ्या. पण घरातले माणूस बोलत असेल, तर हाताशी जे असेल त्याने आज भरून ठेवा आणि लगेच वाजवून पाहा. पंखा वाजत असला तर वाजू द्या.

आवाज भरला त्याच दिवशी काकांनी तो फोनच्या कार्डावर घेतला, कार्ड कागदात गुंडाळले आणि उत्तर लिहिले. लिहून झाल्यावर सुलाबाईंना मोठ्याने वाचून दाखवले.

"झुंबरबाई, जयभीम. उत्तराला फार उशीर झाला. अक्काचा आवाज मला भरता आला नाही, चूक माझी आहे. चाल तेवढी पाठवतो, माझ्या आवाजात. थाप ऐकू आली तर मी चुकलो असे समजा, तुमची अक्का मारते आहे. त्या जागेवर मी थांबतो. तिथे कान देऊन ऐका. तो श्वास तिचा आहे."

खडू एकदा घासला. काकांनी ते काही वाचले नाही. ते उठले आणि चपला घालून निघाले. मला सदऱ्यावरून काढायचे ते विसरले होते. सातपूरच्या रस्त्यावर बसेसचा आवाज होता, कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला. पोस्टाच्या पेटीपाशी ते थांबले. त्यांचे काळीज तेव्हा अगदी सुलाबाईंच्या त्या दिवशीसारखे धडधडत होते. मग पेटीचे पत्र्याचे झाकण वाजले आणि पाकीट आत पडल्याचा आवाज आला.